भागीरथाबाईच्या अंगातला कॉम्प्युटर

बोडीटोल्यात देवांची टंचाई कधीच नव्हती. तलावाच्या पाळीवर मातामाय होती, मोहाखाली वाघोबा होता, शाळेच्या मागे मारुती होता. दोन हजार तीन साली सरकारनं त्यांत आणखी एकाची भर घातली. हा जीपमधून आला, खोक्यांत भरून. त्याच्यासाठी शाळेतली एक खोली रिकामी झाली, दारावर ऑइलपेंटनं ‘संगणक कक्ष’ असं लिहिलं गेलं आणि त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरांत ‘चपला बाहेर काढाव्यात’.

भागीरथाबाईचं देवांशी फारसं जमत नसे. ती ढिवराघरची. नवरा इसरू तलावात जाळं टाकायचा आणि ती मासोळीचं टोपलं घेऊन कुरखेड्याच्या बाजारात बसायची. तिच्याशी भाव करायला लोक जोडीनं येत, कारण एकट्यादुकट्याचा तिच्यापुढं निभाव लागत नसे. देवाबद्दल तिचं म्हणणं एवढंच होतं की तो त्याच्या जागी, मी माझ्या जागी, आणि मधल्या माणसांनी जरा कमी बोलावं.

या मधल्या माणसांत पहिला नंबर तिच्या सासूचा होता. मनकर्णाबाईच्या अंगात मातामाय यायची. चैत्रात यायची, पोळ्याला यायची, आणि घरात बरेच दिवस नुसती भाजी शिजली तर मधेच सुद्धा यायची. भागीरथा लग्न होऊन आली तेव्हा तिनं हे दोन-चार वेळा पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की मातामायला कोंबडी लागते, आणि रस्सा पातळ चालत नाही. पुढच्या खेपेला सासू केस मोकळे सोडून घुमायला लागली, सारं आंगण हात जोडून उभं राहिलं, तेव्हा ही नवी सून पदर सावरत पुढं झाली.

"माय, कोंबडी नाई आज," ती म्हणाली. "मरळीचं कालवण हाय."

देवीनं घुमणं थांबवलं. डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "ताजी हाय का?"

आंगण हसून लोळलं. त्या दिवसापासून मातामाय मनकर्णाबाईकडं फिरकली नाही, आणि मनकर्णाबाईनं पुढची कित्येक वर्षं सुनेशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. गावात कोणाच्याही अंगात यायचं असलं की भागीरथा जवळपास नाही ना, हे आधी बघून घेतलं जायचं.

तर अशी ही बाई. तिच्या जिवाला एकच घोर होता, तिची मुलगी आचल. आचल त्या जूनमध्ये सातवीत जाणार होती आणि गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर कुरखेड्याला वसतिगृहात राहायचं, आणि त्याला इसरूचा जीव होत नव्हता.

त्याच उन्हाळ्यात भागीरथा भावाच्या सातबाऱ्यासाठी वडशाला एका कचेरीत गेली होती. तिथं पंख्याखाली, गोल फिरणाऱ्या खुर्चीवर एक पोरगी बसली होती. समोर कॉम्प्युटर. रांगेत सगळ्यात पुढं एक भला थोरला माणूस, पिळलेल्या मिशा, बोटांत अंगठ्या. असल्या माणसांनी भागीरथाचं टोपलं कितीदा अर्ध्या भावात उचललं होतं. पोरीनं मान वर न करता सांगितलं, "कॉम्प्युटर बंद आहे. उद्या या."

आणि तो मिशीवाला म्हणाला, "बरं, ताई." आणि गेला.

भागीरथाचं काम काही झालं नाही. पण परतीच्या बसमध्ये ती जागेवरून कोणाशी भांडली नाही, इतकी ती विचारात पडली होती. मोठ्या माणसांना ‘नाही’ म्हणायला तिला दरवेळी कंबर कसावी लागायची, आवाज चढवावा लागायचा, आणि एवढं करून मासोळी त्यांच्याच भावानं जायची. इथं एक पोरगी बसल्या जागी ‘नाही’ म्हणते आणि वर ताई होते. आचलला ती खुर्ची मिळाली पाहिजे, हे वडशा ते कुरखेडा या वाटेवर ठरून गेलं.

घरी आल्या आल्या तिनं ते इसरूला सांगितलं. इसरू गरीब स्वभावाचा माणूस. बायकोला सरळ नाही म्हणायची त्याची छाती नव्हती, म्हणून तो वळणानं बोलला. "शाळेत आता ते मशीन आलंच हाय. आचल ते चालवाले शिकली त पाठवू कुरखेड्याले. नाई शिकली त टोपलं हायच."

त्याला ठाऊक होतं की त्या खोलीला कुलूप आहे.

कुलपाची किल्ली हेडमास्तर देवराव गुरुजींच्या कमरेला असायची. माणूस वाईट नव्हता. पण नोकरीची शेवटची थोडी वर्षं उरली होती, आणि गडचिरोलीच्या प्रशिक्षणात त्यांना एवढंच नीट ऐकू आलं होतं की यंत्र बिघडलं तर जबाबदारी मुख्याध्यापकाची. त्यांनी ती फारच मनावर घेतली. गुरुजींच्या बायकोनं कॉम्प्युटरला फुलाफुलांचं, झालर लावलेलं झबलं शिवलं. दसऱ्याला त्याची पूजा झाली, हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि गुरुजींनी साऱ्या गावासमोर सांगितलं की ही साक्षात सरस्वती आहे, हिचा मान राखा, हात लावू नका. प्रसादाची खडीसाखर कीबोर्डाजवळ ठेवली ती तिथंच राहिली. पुन्हा कुलूप.

आता कॉम्प्युटर शिकवायचा तर होता, वरून हुकूमच होता तसा. गुरुजींनी तो फळ्यावर शिकवला. खडूनं एक चौकोन काढला, हा मॉनिटर. बाजूला उभा चौकोन, हा सीपीयू. खाली आडवा चौकोन, हा कीबोर्ड. पोरांनी चौकोन वहीत उतरवले. सहामाहीला प्रश्न आला, संगणकाची आकृती काढून भागांना नावे द्या, आणि आचलला पैकीच्या पैकी मार्क पडले. ज्या वस्तूत तिला पैकीच्या पैकी मार्क होते, त्या वस्तूला तिनं बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. घरी ती चुलीपुढं बसून घोकायची, मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड, माऊस, प्रिंटर. भागीरथा तांदूळ निवडता निवडता ऐकायची. तिचंही पाठ झालं.

एक दिवस बाजारातून येताना ती टोपल्यासकट शाळेत शिरली.

"गुरुजी, फळ्यावर तलाव काढून लेकराले पोहता येते का जी?"

"बाई, ते नाजूक यंत्र आहे. धूळ बसली तरी बिघडतं. आणि तुम्ही आधी ते टोपलं बाहेर ठेवा."

"मंग ते आणलं काऊन?"

ते गुरुजींनी आणलंच नव्हतं, त्यांच्या गळ्यात पडलं होतं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "सव्वीस जानेवारीला दर्शनासाठी खोली उघडणार आहे. तेव्हा आचलला घेऊन या."

दर्शन हा शब्द भागीरथाच्या कानात अडकला तो घरी येईपर्यंत निघाला नाही. ज्याचं दर्शन घेतात तो देव, आणि देव म्हटला की तो अंगात येऊ शकतो. गुरुजींनीच त्याला देव केलं होतं, सगळ्या गावादेखत, नारळ फोडून. आता माघार घ्यायची त्यांची सोय उरली नव्हती.

पण तिची तरी कुठं होती? जिनं जन्मभर अंगात येणाऱ्यांची टर उडवली तिच्याच अंगात आलेलं गाव मानील कशाला? पकडली गेली तर बाजारात लोक हसतील, ते ती सोसू शकत होती. पण खोली मग कायमची बंद होईल, सातवी संपेल, आणि इसरू आचलच्या डोक्यावर टोपलं देईल. भागीरथाला भीती वाटली. सवय नसल्यामुळं जरा जास्तच वाटली.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, गोळ्या वाटून झाल्या आणि गुरुजींनी खोली उघडली. लोक चपला काढून रांगेनं आत जायचे, हात जोडायचे, झबल्याला कुंकू लावायचे आणि बाहेर यायचे. भागीरथा उंबऱ्यापाशी आली आणि तिचा अंबाडा सुटला. मग तिनं मान फिरवायला सुरुवात केली.

लोकांना आधी वाटलं चक्कर आली. मग ती घुमायला लागली आणि रांग मोडली. भागीरथाच्या अंगात आलं, असं कोणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. पण अशा वेळी काय विचारायचं ते सुकलू पुजाऱ्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याचं तोंड आपसूक चालू झालं.

"कोन हायस तू? देव हायस का देवी?"

हे काही तिनं ठरवून ठेवलं नव्हतं. जे पाठ होतं तेच बाहेर आलं. "मानिटर," ती गरजली. "शिपीऊ. कीबोड. माऊस. पिरंटर."

आचलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गुरुजी दारातच थिजले, कारण क्रम बरोबर होता.

"काय पाह्यजे तुले?" सुकलूनं विचारलं.

"माहं तोंड बांधून ठेवलं. झबलं घातलं मले. मी का तान्हं लेकरू आहो? जीव गुदमरून राह्यला माहा. लेकरं बसवा माह्यापुढं. रोज बसवा. हात लावू द्या त्यायले."

"आणि बिघडलं तर?" गुरुजी बोलून गेले. आपण कोणाशी बोलतोय याचं त्यांना भान राहिलं नाही.

"नाई बसवलं," भागीरथा डोळे फिरवत म्हणाली, "त मी गुरुजीच्या अंगात येईन."

सगळ्या गावानं गुरुजींकडं पाहिलं. साऱ्या नोकरीनं त्यांना जे एक वाक्य शिकवलं होतं तेच त्यांच्या मदतीला धावलं. "हे लेखी मिळेल का?"

"देव लेखी देत नसते जी," सुकलू म्हणाला.

इथवर बरं चाललं होतं. तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत मनकर्णाबाई पुढं आली आणि लोकांनी तिला वाट करून दिली. अंगात येण्याच्या बाबतीत गावात तिच्यापेक्षा जाणतं कोणी नव्हतं. आणि मरळीचं ते कालवण तीही विसरली नव्हती, गावही विसरलं नव्हतं. मान फिरवता फिरवता भागीरथाला सासूचे पाय दिसत होते आणि त्यांच्या मागे आचलचे.

सासू वाकली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देवा, घरी मरळीचं कालवण हाय. खाशीन का?"

एक बाई फिस्सकन हसली. इसरूनं मान खाली घातली. भागीरथाला मरळ किती आवडते हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि मनकर्णाबाईनं इतकी वर्षं याच घटकेची वाट पाहिली असणार, हे सगळ्यात आधी भागीरथालाच माहीत होतं. ती घुमत राहिली, कारण थांबली असती तर तिथंच सगळं आटोपलं असतं.

मग ती म्हणाली, "मले मासोळी नाई लागत. मले करंट पाह्यजे."

कोणी हसलं नाही. मनकर्णाबाईनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. मग आचलकडं पाहिलं. मग काठी खाली टाकून तिनं सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं.

"खरा हाय," ती लोकांकडं वळून म्हणाली. "करंट मांगते, मंजे खरा हाय." आणि उठताना सुनेच्या कानाशी पुटपुटली, "हात इतके नोको हालवू. पागल दिसून राह्यली."

सासूनंच कौल दिल्यावर गुरुजींचं काही चालेना. झबलं निघालं, बटण दाबलं गेलं. नशिबानं लाईट होती, सणावाराला असायची. डबा घरघरला आणि कीबोर्डाच्या फटींतून मुंग्यांची रांग बाहेर पडली. दसऱ्याची खडीसाखर त्यांनी आत नेऊन संसार थाटला होता. पोरांच्या हातांनी काय बिघडलं असतं कोण जाणे, पूजेनं मात्र एक बटण कायमचं चिकटवलं होतं. तरी पडदा उजळला. गाव हात जोडून उभं होतं, आणि आचल पहिली जाऊन बसली, एक बोट पुढं काढून.

दुसऱ्या दिवसापासून पोरं आळीपाळीनं बसायला लागली. चिकटलेलं बटण नेमकं इंग्रजी ‘ए’चं होतं, त्यामुळं आचलच्या नावात नको तितके ए यायचे. पण सातवी संपायच्या आत तिनं बापाला शाळेत नेऊन त्याचं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवलं. इसरूच्या नावात ‘ए’ नव्हता, त्यामुळं ते एकदम स्वच्छ उमटलं. तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "जाऊ दे मंग कुरखेड्याले."

गुरुजींची भीतीही हळूहळू मोडली. त्यांना त्या यंत्रात पत्त्यांचा एक खेळ सापडला आणि मधल्या सुट्टीत खोलीला पुन्हा आतून कडी लागायला लागली, पण ती वेगळ्या कारणानं.

भागीरथाचं मात्र करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं झालं. गावानं तिला सोडलं नाही. कोणाचा टीव्ही बंद पडला की ते नारळ घेऊन तिच्या दारात. कोणी रेडिओ आणून तिच्या पायाशी ठेवायचं. रोहित्र जळालं तेव्हा सरपंच रामाजी स्वतः आले आणि नम्रपणे म्हणाले की बाई, जरा हात फिरवता का. जिभेवर अर्धं आलेलं बोलणं ती परत गिळायची. खरं सांगावं तर खोलीला पुन्हा कुलूप. जन्मभर दुसऱ्यांच्या देवांना नावं ठेवणारी बाई आपल्याच देवाच्या पंजात सापडली होती, आणि याची सगळ्यात जास्त मजा तिची सासू लुटत होती.

शिवाय देवाला दर सव्वीस जानेवारीला यावंच लागायचं. आला नसता तर कोपला असं लोकांना वाटलं असतं. त्यानं रिकाम्या हातानं परत जाणंही बरं दिसेना, म्हणून तो काही ना काही मागायला लागला. पहिल्या वर्षी पंखा मागितला, मग प्रिंटरची शाई. मच्छीमार सोसायटीनं ते आणून दिलं. सरकारकडं मागणी केली की वर्षं जायची, देवानं मागितलं की होळीच्या आत यायचं. हे पाहून देवराव गुरुजी एका जानेवारीत स्वतः तिच्या घरी आले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि जाता जाता म्हणाले, "बाई, यंदा देवाच्या मनात इन्व्हर्टर आला तर फार बरं होईल."

"सांगून पाह्यतो त्याले," भागीरथा म्हणाली.

घुमण्याची तालीम मनकर्णाबाई घ्यायची. घरामागे, जाळी वाळत घातलेल्या कुडापाशी. हात कुठं ठेवायचे, धाप कधी लागू द्यायची, लोक विचारतील त्याच्या आधीच उत्तर देऊन कसं बसायचं नाही. अबोला कधी सुटला ते दोघींनाही कळलं नाही. एका तालमीत भागीरथानं विचारलं, "आत्याबाई, त्या दिवशी मले वाचवलं काऊन?"

"तू मरळीले नाई म्हटलं," सासू म्हणाली. "मले नोहतं जमलं."

मनकर्णाबाई गेली तेव्हा भागीरथा ओक्साबोक्शी रडली. सासूसाठी एवढं रडणारी सून गावानं फारशी पाहिली नव्हती. नैवेद्याला तिनं मरळीचं कालवण ठेवलं. इसरूनं आदल्या दिवशीची मरळ आणली होती, ती तिनं परत पाठवली आणि त्याला पुन्हा तलावात उतरवलं. ताजीच पाहिजे म्हणाली.

आचल कुरखेड्याला बारावी झाली, कॉम्प्युटरचा कोर्स झाला आणि तिथंच, जिथं दाखले काढून देतात अशा एका केंद्रात तिला काम मिळालं. पहिला आठवडा गेला असेल. बाजाराच्या दिवशी भागीरथा टोपलं घेऊन केंद्रावर पोचली आणि रांगेत उभी राहिली. उत्पन्नाचा दाखला काढायचाय, असं तिनं पुढच्या माणसाला सांगितलं. केंद्रात पंखा होता. पंख्याखाली खुर्ची होती, आणि ती गोल फिरणारी होती.

तिचा नंबर आला. आचल पडद्याकडं बघत होती.

"सर्व्हर बंद आहे," मान वर न करता ती म्हणाली. "उद्या या."

"बरं, ताई," भागीरथा म्हणाली.

आवाज ऐकून आचलनं झटकन वर पाहिलं आणि तिचे कान लाल झाले. "आई, तू? थांब, मी बघते काही..."

"बंद हाय त बंद हाय. मांगच्याले सांग."

मागं एक ठेकेदार होता, काळा चष्मा, हातात मोटारसायकलची किल्ली. तो बोडीटोल्याकडचा निघाला. "बाई, तुमच्या तं अंगात येते म्हणतात," तो म्हणाला. "आणा ना जरा, सर्व्हर चालू होईल."

"तो शाळेतला देव हाय, भाऊ. इथं त्याचं चालत नाई."

ती बाजूला झाली, पण बाहेर गेली नाही. दारापाशी टोपलं टेकून उभी राहिली. आचलनं एकदा आईकडं पाहिलं, मग ताठ बसली, खुर्ची थोडी फिरवली आणि ठेकेदाराला सांगितलं, "आज होणार नाही. उद्या या."

ठेकेदारानं चष्मा काढला. काहीतरी बोलावंसं त्याला वाटलं असणार, पण पोरगी पुढच्या माणसाकडं बघायला लागली होती. "बरं, ताई," तो म्हणाला आणि गेला.

भागीरथानं टोपलं उचललं. त्या दिवशी बाजारात तिनं कोणाशी भाव केला नाही, मागतील त्या भावानं दिली मासोळी, आणि गिऱ्हाइकांना वाटलं बाईची तब्येत बरी नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा केंद्रावर जाऊन रांगेत उभी राहिली. दाखला तिला कशालाच लागत नव्हता.